ओळखल्याशिवाय झाकण उघडणार नाही

मी एक जुना पितळी डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. माझ्या पोटाला एक पोचा आहे, झाकण जरा वाकडं बसतं, आणि ज्यांना माझा आवाज कर्कश वाटतो त्यांनी खुशाल कानात कापूस घालावा. मी आवाज कमी करणार नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं. इतका मार खाऊन एकदा आकार आला, की नंतर कोणी ‘असा हो, तसा हो’ म्हणालं तर राग येणारच. तिथल्याच बेबीताईंच्या लग्नात मी रुखवतात होतो. त्यांचे यजमान भाऊराव जबलपूरला तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते, म्हणून लग्नानंतर आम्ही सगळे गोंदियाहून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने निघालो. राज्यांची नवी रचना होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याआधी भंडारा काय, नागपूर काय आणि जबलपूर काय, सगळं एकाच प्रांतात होतं. आता बेबीताईंचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात गेलं. नर्मदेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा बेबीताईंनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. त्या रडत होत्या आणि भाऊराव खिडकीबाहेर बघत होते.

वर्षाचे अकरा महिने मी तुरीची डाळ सांभाळायचो. डाळ सांभाळणं काही वाईट काम नाही, पण माझा खरा महिना भुलाबाईचा. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाड-नागपूरकडच्या मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की घरातली बाई खिरापतीचा बंद डबा घेऊन येते, कानाशी खुळखुळ वाजवते आणि विचारते, ‘ओळखा, आत काय आहे?’ ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा कडक नियम. तर तो वाजणारा डबा म्हणजे मी. पुढे स्टीलचे डबे आले, चकचकीत आणि हलके, पण त्यांना आवाज कुठे होता? माझ्यात चार दाणे टाकले तरी शेजारच्या गल्लीतल्या मुली धावत यायच्या.

जबलपूरच्या पहिल्याच वर्षी बेबीताईंनी स्वतः एक गाणं रचलं. रात्रंदिवस माहेर आठवत होतं, त्यातून ते झालं:

छोटी गाडी निघाली गं निघाली,
भुलाबाई खिडकीशी बसली गं बसली;
नर्मदेच्या पुलावर गाडी थांबली थांबली,
माहेराची वाट किती लांबली लांबली.

प्रत्येक ओळीच्या शेवटी बेबीताई मला दोनदा हलवायच्या. हळूहळू ते गाणं कारखान्याच्या वसाहतीतल्या सगळ्या मराठी घरांत पोचलं. काही वर्षांनी बेबीताईंना विभावरी झाली, आणि ती तर मला वाजवतच चालायला शिकली.

ही विभावरी घरात कशी बोलायची, ते ऐका. आई मराठीत विचारायची आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भांडण हिंदी. मराठी बोलायला गेली की ‘तो खुर्ची’ आणि ‘ती पंखा’ व्हायचं, नागपूरची मावसभावंडं हसायची, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. पण गाताना ती एकही शब्द चुकायची नाही. तेव्हा तिचा आवाज छातीतून यायचा आणि माझ्यासारख्या धातूच्या डब्यालाही थरथर व्हायची.

सिव्हिल लाइन्समध्ये विनय सर नावाचे एक संगीतशिक्षक मुलांचा गानवृंद चालवायचे. ते भले गृहस्थ होते, हे मी मान्य करतो. एका कोजागिरीला त्यांनी विभावरीचं गाणं ऐकलं आणि ते टेप करून दिल्लीच्या एका समितीकडे पाठवलं. पुढचं साल, एकोणऐंशी, जगभर बालवर्ष म्हणून साजरं व्हायचं होतं आणि त्यानिमित्त समुद्रापलीकडच्या एका देशात मुलांच्या गाण्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. त्या देशाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, म्हणून सांगत नाही. विभावरीची निवड झाली. वसाहतीत पेढे वाटले गेले. भाऊराव तर आठवडाभर छाती काढून चालत होते.

मग एके दिवशी विनय सर घरी आले आणि म्हणाले, “वहिनी, चाल हीच ठेवू. शब्द फक्त इंग्रजी करू या. तिकडे मराठी कोणाला समजणार? समजलं नाही तर मार्क कोण देणार?”

त्यांनी शब्द लिहूनही आणले होते, देवनागरीत, विभावरीला पाठ करता यावेत म्हणून. छोट्या गाडीचं ‘लिटल ट्रेन’ झालं होतं. माहेराचं ‘मदर्स होम’ झालं होतं.

“हे तर बाळंतिणीच्या दवाखान्यासारखं वाटते,” बेबीताई म्हणाल्या.

सर हसले, पण मागे हटले नाहीत. खिरापतीचा भाग त्यांनी काढूनच टाकला होता, कारण म्हणे ही घरगुती गंमत परक्यांना कळायची नाही. माझ्या जागी पियानो वाजणार होता. मी फळीवरून सगळं ऐकत होतो. मला इतका संताप आला की आतली डाळ शिजली असती.

सरांना फाटकापर्यंत पोचवून आल्यावर विभावरी कोपऱ्यात बसून राहिली.

“काहून गं, तोंड काहून पाडून बसली?” बेबीताईंनी विचारलं.

“आई, इंग्लिश में वो गाना मेरा लगता ही नहीं.”

“मग सांग ना सरांना.”

“बोला था. वो बोले, मराठी में गाना है तो दूसरी लडकी भेजेंगे.”

भाऊराव कारखान्यातून आले होते, हात पुसता पुसता म्हणाले, “पोरगी विमानात बसून राहिली, जग पाहून राहिली, अन् तुम्ही माय-लेकी शब्दांचं काय घेऊन बसल्या? आपल्या खानदानात कोणी इटारसीच्या पुढे गेलं का? चलो, गा इंग्रजीत.”

मित्रांनो, मुलीपुढचा पेच समजून घ्या. इंग्रजीत गायलं तर जाता येणार होतं. मराठीत गाईन म्हटलं तर घरी बसावं लागणार होतं, आणि अशी संधी त्या वसाहतीत पुन्हा कोणाच्या दारात येणार नव्हती. विभावरी तेरा वर्षांची होती. तिने मान खाली घातली आणि ‘लिटल ट्रेन’ पाठ करायला घेतलं. मी तिला दोष देत नाही. पण महिनाभर त्या घरात रोज संध्याकाळी जे गायलं जात होतं, ते ऐकून शेजारची मांजरसुद्धा उठून जायची.

निघायच्या दिवशी बेबीताईंनी मला फळीवरून उतरवलं, डाळ काढली, धुऊन पुसून कोरडं केलं आणि आत काहीतरी भरलं. झाकणावर आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली.

“इसमें क्या है?” विभावरीने विचारलं.

“खिरापत. नियम ठाऊक आहे ना? कोणी ओळखल्याशिवाय उघडू नको.”

“वहां कौन पहचानेगा, आई?”

“ते मला काय माहीत? वाजवशील तर कोणी तरी ओळखंल,” बेबीताई म्हणाल्या, आणि मला स्वेटरांच्या मध्ये खुपसलं.

असा मी विमानात बसलो. थंडी अशी होती की माझं पितळ आखडलं.

स्पर्धेच्या दिवशी पडद्यामागे जगभरची मुलं आपापल्या पाळीची वाट पाहत उभी होती. विभावरीची पिशवी तिच्या पायाशी होती आणि पिशवीतून माझं डोकं बाहेर होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तिच्या पुढे एक मुलगी होती, दात जरा पुढे आलेले, गुडघ्याला पट्टी चिकटवलेली. ती पडद्यामागे स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, कुठल्याशा आपल्या भाषेत, डोळे मिटून. विभावरी कान देऊन ऐकत होती. मग त्या मुलीचं नाव पुकारलं गेलं, ती मंचावर गेली आणि इंग्रजीत गायला लागली. गाणं सुरेख होतं, एक सूर हलला नाही. पण मघाचा तो आवाज पडद्यामागेच राहिला होता. विभावरीला ते कळलं, कारण महिनाभर तिचंही तेच झालं होतं.

तेवढ्यात तिचं नाव आलं.

ती मंचावर गेली. पियानोवाल्याने सुरावट वाजवली. विभावरी उभीच. त्याने पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा त्याने सुरुवात केली तेव्हा विभावरीने त्याच्याकडे बघून हात जोडले, ‘राहू द्या’ अशी मान हलवली, पडद्यामागे धावत आली आणि मला उचलून पुन्हा मंचावर गेली. पहिल्या रांगेत सोबत आलेले विनय सर बसले होते. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

“छोटी गाडी निघाली गं निघाली…” तिने सुरुवात केली, आणि मला दोनदा हलवलं.

काय वाजलो मी त्या दिवशी! त्या भल्यामोठ्या सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत माझा खुळखुळाट गेला. विभावरी तर अशी गायली, की समोर मातीची भुलाबाई ठेवलेली असावी. माहेराची वाट लांबली तेव्हाही तिने सूर सोडला नाही.

गाणं संपल्यावर ती वाकून नमस्कार करून परत येईल असं सर्वांना वाटलं. तिने मला कानाशी धरलं, खुळखुळ केलं आणि सगळ्या सभागृहाला मराठीत विचारलं, “ओळखा, आत काय आहे?”

शब्द कोणाला कळले नाहीत, पण वाजणारा बंद डबा सगळ्यांना कळला. मग मागून एका पोराने कुठला तरी शब्द ओरडून सांगितला. विभावरीने मान हलवली, नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरा शब्द आला. नाही. मग काय विचारता! सगळीकडची मुलं उभी राहून ओरडायला लागली, कोणाचा शब्द घशातून येत होता, कोणाचा नाकातून, आणि घाईघाईत इंग्रजी कोणालाच सुचत नव्हती. खेळाच्या नादात जो तो आपल्या आईच्या भाषेत आला होता. आणि गंमत म्हणजे आत काय आहे ते विभावरीलाही ठाऊक नव्हतं, आणि पोरं काय म्हणताहेत तेही कळत नव्हतं. ती आपली ठसक्यात नाही-नाही करत होती! शेवटी घंटा झाली आणि तिला मंच सोडावा लागला.

आता एक गोष्ट ऐका. त्या स्पर्धेत कुठल्याही भाषेला मनाई नव्हती. नियमात तसं कुठेच नव्हतं. मनाई आमची आम्हीच करून घेतली होती, त्या पडद्यामागच्या कितीतरी मुलांच्या गुरूंनी आणि आईबापांनी करून घेतली होती, समोरच्याने नको म्हणायच्या आधीच.

निकाल लागला. विभावरीचं नाव त्यात नव्हतं. परीक्षकांना समजलं नसेल, नाहीतर वेळ जास्त घेतला म्हणून असेल. मार्कांबद्दल विनय सरांचंच खरं ठरलं, हे मी लपवत नाही. पहिलं बक्षीस त्या पट्टीवाल्या मुलीला मिळालं.

पण थोड्या वेळाने ती मुलगी पदक गळ्यात घालून विभावरीला शोधत आली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. तिने माझ्याकडे बोट केलं. विभावरीने मला वाजवलं. मुलीने कान लावला, विचार केला आणि एक शब्द उच्चारला. त्याचा अर्थ आम्हाला आजही माहीत नाही. विभावरी म्हणाली, “हो!” आणि चिंधी सोडली. आत खारे शेंगदाणे होते. दोघी जमिनीवर बसल्या, दाणे खाल्ले, आणि चार दाणे उरले तेव्हा त्या मुलीने मला हातात घेतलं. मग माझ्या तालावर तिने तेच गाणं म्हटलं, मघाचं, पडद्यामागचं, तिच्या भाषेतलं, अख्खं. त्या गाण्यासाठी तिला मंच मिळाला नव्हता. गाताना तिने पदक काढून पिशवीत टाकलं होतं, कारण ते तालात मध्येच वाजत होतं.

परत आल्यावर सर रागावले नाहीत. त्यांनी विभावरीला पुन्हा गानवृंदात बोलावलं नाही, इतकंच. तिला त्याचं फार वाईट वाटलं आणि ती कितीतरी दिवस सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने जायचं टाळायची. भाऊराव मात्र पहिल्या दिवशी जेवून हात धुतल्यावर म्हणाले, “मग? लोकांनी काय काय ओळखलं?” तेव्हा विभावरीने सगळी हकिकत सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मराठीत. ‘तो डबा वाजली’ म्हणाली, ‘सगळे पोरं उभी झाले’ म्हणाली. कोणी हसलं नाही. बेबीताई पदराने डोळे पुसत होत्या.

आज मी जबलपूरमध्येच, महाराजपूरला विभावरीच्या घरी आहे. बरेचदा कपाटाच्या वर पडून असतो, अंगावर हिरवट डाग चढलेत. मध्यंतरी तिच्या सुनेने मला गोहलपूरच्या भंगारवाल्याला द्यायला काढलं होतं. माणसांशी बोलता येत नसलं तरी मी तिच्या हातातून असा निसटून फरशीवर आदळलो की सगळी गल्ली जागी झाली. दुसरा पोचा त्या दिवशीचा.

मित्रांनो, मला चिंचेने घासून काचेच्या कपाटात ठेवा असं मी म्हणत नाही. तसा मी सुंदर दिसेन आणि मुका होईन. तुमच्या आईची भाषाही तशी जपू नका. ती वापरा, चुकवा, तिच्यात हिंदी सांडू द्या, पण जगासमोर उभं राहायची वेळ आली की तिला घरी ठेवून जाऊ नका. जगाला समजणार नाही, असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा, समजून घ्यायला जगालाही तोंड आणि कान आहेत. बक्षीस मिळालं नाही तर नाही मिळालं. मोठ्याने गा.