मास्तरीण कुठे गेली?

पावणेअकरा वाजता सिस्टर मागे डोकावली. परसात कोंबड्या दोनच होत्या. पांढरी होती, ठिपक्यांची होती, पण तपकिरी मास्तरीण कुठेच नव्हती.

दवाखान्यात नर्स असल्यामुळे गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. लग्न होऊन या घरात तिला जेमतेम चार महिने झाले होते. नवऱ्याची अकरा वर्षांची मुलगी तिच्याशी भांडत नसे, पण तिला कशानेच हाकही मारत नसे. तू नाही, तुम्ही नाही. “किल्ली कुठे आहे?” असं भिंतीकडे बघून विचारायचं, की संपलं.

कोंबड्या त्या मुलीच्या. तिच्या आईने, म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या बायकोने, हौसेने पाळलेल्या. त्यात मास्तरीण भारी डोक्याची. सकाळी चोचीने स्वयंपाकघराचं दार ठोकायची. मुलगी गणितं करायला बसली की वहीशेजारी ठाण मांडायची आणि पेन्सिल जरा थांबली की बोटाला टोचायची. नाव पडलं ते त्यावरूनच.

आज सिस्टरची सुट्टी होती. कपडे वाळत घालताना मागचं दार सताड उघडं ठेवलं होतं ते तिनेच. एक वाजता मुलगी शाळेतून येणार. तोंड कसं दाखवायचं?

चपला पायात सरकवून ती आधी कोपऱ्यावरच्या खाटकाकडे धावली. ओट्यावर एक तपकिरी पीस चिकटलेलं पाहून तिने ते बोटाने दाखवलं.

“कालचं आहे ते, सिस्टर,” खाटीक म्हणाला. “अन् पाळलेल्या कोंबडीवर सुरी चालवेन होय मी?”

ती ओशाळली आणि पुढे निघाली. इस्त्रीवाली बाई मात्र हसायलाच लागली. “तपकिरी ना? आमची इन्स्पेक्टरीण! अहो, रोज येते. साडेनऊला टेबलाखाली बसते, मूठभर दाणे खाते आणि सायकलवाल्याकडे जाते.”

“रोज?”

“घड्याळ लावून घ्यावं!”

म्हणजे घर रिकामं झालं की ही बया फेरीला निघते आणि घरात कुणाला पत्ता नाही! पण सायकलवाल्याने मान हलवली. “आमची कोंबडीमावशी ना? येऊन गेली की. अकराच्या आत परत जाताना दिसते. आज नाही दिसली.”

त्याच्या दुकानापुढे मोठा रस्ता होता, ट्रक धडधडत जात होते. सिस्टरने गटारं पाहिली, गाड्यांखाली वाकून पाहिलं, बांधकामावरच्या कुत्र्यालाही न घाबरता आत जाऊन आली. घामाने डोळे चुरचुरत होते. एक वाजता ती हात हलवत फाटकाशी आली, तर मुलगी समोरच उभी.

मी अंघोळीला गेले होते, असं सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं.

“मास्तरीण सापडत नाहीये. मी दार उघडं टाकलं होतं.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती हळूच म्हणाली, “दारातून नाही गेली. कुंपणाची फळी सरकते. मला माहीत होतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी खिळे ठोकले असते.” आणि एकदम दप्तर टाकून ती पळत सुटली. “शेवटी ती टेलरकाकांकडे जाते!”

टेलरचं शटर बंद होतं. पत्रा हाताला चटका देत होता. मुलीने जमिनीला तोंड लावून हाक मारली. बराच वेळ काहीच नाही. मग आतून नखं खरवडल्याचा आवाज आला, अगदी मंद.

मागोमाग आलेल्या सिस्टरने पाटीवरच्या नंबरवर फोन लावला. टेलर कापड आणायला गेला होता. “अरे देवा! चिंध्यांच्या टोपलीत झोपली असेल, मी बघितलंच नाही. तासभर तरी लागेल मला.”

“तासभरात ती मरेल,” मुलगी म्हणाली.

सिस्टरने सायकलवाल्याकडून पाणी आणि एक लांब पट्टी आणली, रुमाल भिजवला आणि शटरखालच्या फटीतून पट्टीने आत सरकवला. रुमाल तसाच पडून राहिला. तिने दुसऱ्यांदा भिजवला, तिसऱ्यांदा भिजवला. चौथ्या वेळी आतून त्याला हिसका बसला.

“पितेय!” मुलगी ओरडली.

पाऊण तास दोघी तापल्या पायरीवर वाकून बसल्या. एक भिजवायची, दुसरी सरकवायची. मध्ये हिसके थांबले, तरी त्या थांबल्या नाहीत.

धापा टाकत टेलर आला, शटर वर गेलं. मास्तरीण चोच उघडी टाकून पंख पसरून पडली होती. मुलीने तिला उचललं आणि लगेच पुढे केलं. “तुम्ही धरा. तुम्हाला कळतं यातलं.”

सिस्टरने कोंबडीचे पाय ओले केले, सावलीत नेलं, वारा घातला.

“जगेल ना?”

“माहीत नाही गं. पण मान धरतेय.”

पाच वाजता मास्तरीण उठली, दोन पावलं झोकांड्या खात चालली आणि बादलीतल्या पाण्यात चोच बुडवून उभी राहिली. मुलगी तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडली. सिस्टर शेजारी बसून राहिली.

फळीला खिळे त्या दोघींनीच ठोकले. मास्तरीण तीन दिवस कुंपणाशी उभी राहून त्यांना शिव्या घालत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. इस्त्रीवाली बाई मुठीत दाणे घेऊन उभी होती.

“इन्स्पेक्टरणीला बरं नाही का? चार दिवस फिरकली नाही. म्हटलं, बघून यावं.”

सिस्टर या घरात आल्यापासून आपणहून दारात आलेलं ते पहिलंच माणूस. तिने बाईला आत घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.