जावईबापूंच्या डोळ्यावरची पट्टी

वेल्डिंगच्या लाइनवर माणसांच्या शेजारी एक रोबोटचा हात काम करायचा. कुणाचं कोपर जरा जवळ गेलं की स्वारी रुसून थांबलीच! म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. या रुसव्यांपायी रोजचं टार्गेट काही पुरं होईना. शेवटी फिटरनं तोड काढली. माणूस जवळ आला हे ओळखणाऱ्या सेन्सरवर त्यानं काळी चिकटपट्टी लावून टाकली. शिफ्ट इनचार्जनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चार महिने कसं सगळं सुरळीत चाललं होतं.

काल त्याच हातानं फिटरच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं मनगट चिरडलं.

आता फिटर दवाखान्याच्या पॅसेजमध्ये येरझारा घालत होता. बाकावर टेकायचा, लगेच उठायचा. खिशात इनचार्जनं दिलेला कागद होता: 'कामगार बेसावध होता.' खाली साक्षीदार म्हणून याची सही हवी. सही केली की मेव्हण्याची भरपाई बुडाली, त्याची नोकरीही गेल्यातच जमा.

"यंत्रावर खापर फोडता येत नाही बाबा," इनचार्ज म्हणाला होता. "मग काय, तुझ्यावर फोडायचं?"

आता बोला! पट्टी दिसली तेव्हा हाच माणूस गालात हसला होता. पण खरं सांगावं तर स्वतःच्या पोटावर पाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"दादा, आत ये ना," बहिणीनं हाक मारली.

मेव्हणा प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडला होता. "माझंच चुकलं असणार, दादा," तो म्हणाला. "यंत्र तुमच्या देखरेखीखालचं, म्हणून मी बिनघोर हात घालायचो. ते थांबतंच की."

"थांबलं नसतं," फिटर म्हणाला. "सेन्सरवर मी पट्टी लावली होती."

बहीण बघतच राहिली. "पण साहेब तर म्हणाले, तपासणीत काही सापडलं नाही."

"मी काढली ती."

"कधी?"

इथं खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"हा ओरडत होता तेव्हा. आधी पट्टी काढली, मग याच्याकडे धावलो."

मेव्हण्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बहिणीनं टेबलावरचं पेन उचलून भावाच्या हातात दिलं.

"हे सगळं लिहून दे," ती म्हणाली. "आणि तोवर आत येऊ नकोस."