माझा पोचा आणि आठ गाठी

हसू नका, मी कपच बोलतोय. चहाचा नव्हे, मापाचा. अंग स्टीलचं, कान जाडजूड आणि पोटाला हा एवढा पोचा. जन्मतः मी चांगला गुटगुटीत होतो. पण आमच्या सासूबाईंना बरण्यांची घट्ट झाकणं माझ्याच पोटाने ठोकून सैल करायची सवय. घरात हातोडी आहे, पण ती शोधणार कोण?

सासूबाई स्ट्रॉबेरीचा आणि तुतीचा जॅम करून कोपऱ्यावरच्या बेकरीत देतात. पूर्वी मी नावालाच माप होतो. मी फळं ओतायचो, किती ते त्यांची नजर ठरवायची. पातेल्यात डोकावून "अजून ओंजळभर हवीत" म्हणायच्या आणि जॅम झकास व्हायचा.

मग त्यांचे डोळे अधू झाले. वजनकाट्यावरचे आकडेही दिसेनात. सून म्हणाली, "आई, एक किलो स्ट्रॉबेरी म्हणजे किती कप ते मी मोबाइलवर बघते. तुम्ही नुसते कप मोजा." मोबाइलने सांगितलं, सात. सासूबाईंनी मन लावून सात कप मोजले, वर नेहमीचं साखरेचं अख्खं पाकीट ओतलं. जॅम झाला गोडमिट्ट. बेकरीवाल्याने बरण्या परत आणल्या. "काकू, या वेळी काहीतरी हुकलंय," एवढंच बोलला बिचारा.

सासूबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि फडताळात पार मागे सारलं. "डोळे गेले, आता हातही गेला. पुरे झाला जॅम." मला फार वाईट वाटलं. त्यांचा हात कुठे चुकला होता? पोट माझं आत गेलेलं. पण कपाचं ऐकतो कोण?

सुनेच्या मनाला मात्र ते पटेना. तिने मला बाहेर काढलं, माझ्यात स्ट्रॉबेरी भरून काट्यावर ओतत गेली आणि हसायलाच लागली. "आई, आपल्या कपाने किलोला आठ लागतात. मोबाइलचा कप धडधाकट, आपला पोचा पडलेला."

सासूबाईंनी मला तिच्या हातून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे झाकणांनी डाव साधला म्हणायचा."

मग तुतीची पाळी. ती बारकी, एकमेकींना खेटून बसते, मध्ये फटी कमी. तिचे सातच कप पुरले. सुनेने माझ्या कानाला दोन दोऱ्या बांधल्या. जाड सुतळीला स्ट्रॉबेरीच्या आठ गाठी, बारीक दोऱ्याला तुतीच्या सात. एक कप ओतला की सासूबाईंचं बोट एक गाठ पुढे सरकतं. बेकरीतून आता बरण्या रिकाम्याच परत येतात.

परवा मुलगा म्हणाला, "आई, दे तो कप. पोचा काढून देतो, अगदी नव्यासारखा."

"खबरदार हात लावलास तर," सासूबाई म्हणाल्या. "माझं सगळं माप त्या पोच्यात आहे."

मी सुखात आहे. मागणं एकच होतं, पण ते तोंडाने सांगता येत नव्हतं. आज सकाळी एका बरणीचं झाकण निघेना. सवयीने सासूबाईंनी मला उचललं, हात वर नेला आणि तिथेच थांबल्या. माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला, मला अलगद ओट्यावर ठेवलं आणि हाक मारली, "सूनबाई, आपली हातोडी कुठे असते गं?"