समोरची खुर्ची

मास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण शाळांनी काय शिकवावं हे दर रविवारी वर्तमानपत्रातून सांगता सांगता त्यांचे केस पिकले, म्हणून ते मास्तर. दिवस प्रार्थनेनं सुरू व्हावा, धर्म वर्गात शिकवावा, ही त्यांची बाजू. वाचक थोडे, पण पक्के.

आणि तीच बाजू मांडून त्यांचा मेहुणा टीव्हीवर मोठा झाला होता. घरात त्याला भोंगा म्हणत. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे कार्टं मास्तरांच्या टेबलाशी बसून त्यांची वाक्यं घोकायचं. ‘मान वाकवायला शिकलेलं पोरच पुढे ताठ उभं राहतं,’ हे वाक्य मास्तरांचं. चौकातल्या फलकावर ते भोंग्याच्या हसऱ्या थोबाडाखाली झळकलं, तेव्हा मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुमचाच चेला ना? मग तुमच्या पोटात का दुखतं?” बायको म्हणाली.

“चेला कसला! चोर आहे तुझा भाऊ.”

तेवढ्यात वाहिनीतून पाहुणे जमवणाऱ्या बाईंचा फोन आला. “सर, आज शाळेतल्या प्रार्थनेवर चर्चा आहे. तुमची बाजू मांडणाऱ्या खुर्चीत तुमचे मेहुणे आहेत. समोरची रिकामी आहे. विरोधात बोलाल?”

“बोलतो.”

बायकोनं कपाळावर हात मारला. “अहो, रविवारच्या लेखाचं काय? वाचक तोंडात शेण घालतील!”

मास्तर शर्टाची बटणं लावत होते. लेख त्यांना दिसतच नव्हता. दिसत होता तो फलक.

स्टुडिओत भोंगा पावडर लावून बसलेला. “दाजी, खुर्ची चुकली काय?”

“तू तुझी सांभाळ.”

चर्चा सुरू झाली. मास्तरांना आपल्याच बाजूच्या किल्ल्याचं प्रत्येक भगदाड माहीत होतं. आयुष्यभर तेच तर बुजवत आले होते. एक मात्र कधीच बुजलं नव्हतं. त्यांनी नेमकं तिथेच बोट घातलं.

“ज्या पोराच्या घरी देवच मानत नाहीत, त्यानं प्रार्थनेच्या वेळी काय करायचं? खोटं खोटं पुटपुटायचं? म्हणजे शाळेचा पहिला धडा खोटेपणाचा?”

भोंगा चक्क मास्तरांकडे बघू लागला, पूर्वी टेबलाशी अडला की बघायचा तसाच. आता दाजी उत्तर सांगतील.

उत्तर दाजींकडेही नव्हतं. पण ते ऐटीत हसले आणि निवेदकानं चर्चा तिथेच गुंडाळली.

बाहेर येतात तोच संपादकांचा फोन. “मास्तर, वाचक आम्हाला फाडून खातायत. या रविवारी लेख नको. खरं सांगू? आता कधीच नको.”

मास्तर भिंतीला टेकले. भोंगा चेहरा पुसत शेजारी येऊन उभा राहिला. “दाजी, त्या प्रश्नाचं खरं उत्तर काय हो?”

“मला माहीत असतं तर केव्हाच लिहिलं नसतं का?” मास्तर खेकसले.

पाहुणे जमवणाऱ्या बाई लगबगीनं आल्या. “सर, झकास! पुढच्या आठवड्यात याल? खुर्ची हीच, विरोधाची.”

नाही म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलंही. मग भोंग्याकडे बोट दाखवून विचारलं, “हा येणार आहे?”

“ते असतातच की दर आठवड्याला.”

“मग माझंही नाव लिहा,” मास्तर म्हणाले.