काजळलेल्या दाण्याचं पारणं

मित्रांनो, तांदळाची एक कणी तळहातावर ठेवून बघा. मी एवढाच. मी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचा एक जुना दाणा आहे. प्रयोगशाळेत मला उत्प्रेरक म्हणतात. म्हणजे दुसऱ्याचं रूप बदलायला मदत करायची आणि आपण होतो तसंच राहायचं.

नवी मुंबईत महाप्याच्या एका लहानशा प्रयोगशाळेत नंदिनीताईंनी मला घडवलं. घणसोली गावातून येणाऱ्या या ताई वीस वर्षं तिथं काम करत होत्या. त्यांनी सिलिका, चिमूटभर ॲल्युमिनियम आणि एक सेंद्रिय क्षार पाण्यात मिसळून बंद भांड्यात तीन दिवस तापवलं. क्षाराच्या कणांभोवती माझ्या भिंती उभ्या राहिल्या. मग भट्टीत तो क्षार जळून गेला आणि त्याची जागा रिकामी राहिली. ती रिकामी जागा हेच माझं धन. डोळ्यांना न दिसणाऱ्या किती खोल्या माझ्या पोटात आहेत, ते माझं मलाही ठाऊक नाही!

मला आणि माझ्या भावंडांना एका पोलादी नळीत भरलं. वरून मिथेनॉलची गरम वाफ यायची. आमच्या खोल्यांतून जाताना तिच्यातलं पाणी सुटायचं आणि खालून हलके वायू निघायचे. त्या वायूंपासूनच तुमची बादली होते, दोरी होते, दवाखान्यातली सिरिंज होते.

पण कामाबरोबर काजळीही येते. खोल्या भरत, दारं बुजत आणि आम्ही काळे ठिक्कर पडत असू. मग ताई आग भडकू न देणाऱ्या नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा मिसळून ती काजळी हळूहळू जाळत. घाई नाही, आळस नाही. सात वेळा आम्ही काळे झालो आणि सात वेळा पुन्हा पांढरे झालो.

हे सगळं चालायचं ते ईश्वरीसाठी. सीवूड्सची ही तरुण मुलगी तीन वर्षं आमच्यावर संशोधन करत होती. तेच दाणे आठव्यांदा उजळल्यावरही तेवढंच काम करतात, हे तिला या कामाला पैसे देणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. नाही दाखवता आलं, तर काम बंद आणि आम्ही कचऱ्याच्या पिंपात.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी द्वादशी होती. ताईंची एकादशी निर्जळी असते. पारण्याची पेज त्यांनी डब्यात आणली होती. आमची आठव्या वेळची काजळी मंद हवेवर जळत होती. ईश्वरीला नळीपाशी ठेवून ताई पेज घ्यायला आत गेल्या आणि इकडे ईश्वरीचे वरिष्ठ जयप्रकाश सर आले.

"किती वेळ अजून?"

"संध्याकाळ होईल, सर."

"अगं, उद्या दहाला पाहुणे! हवा वाढव की. काळं तर जाळायचंय, त्यात कसलं टेन्शन?"

सर गेले.  ईश्वरीनं नायट्रोजन बंद केला आणि हवा पूर्ण सोडली.

हवा वरून येते. वरच्या भावंडांमधली काजळी एकदम भडकली. तापमानाचा आकडा साडेपाचशेवरून बघता बघता आठशे अंशांवर गेला. मी तळाशी होतो. वरच्या भिंती कोसळताना मला कळत होतं, पण दाण्याला ओरडता कुठं येतं?

ताई चमचा हातात घेऊनच धावत आल्या. "हवा बंद! नायट्रोजन सोड आधी!"

आकडा उतरला. ईश्वरीचे डोळे भरून आले. "सरांनी सांगितलं, ताई..."

"सर सांगतील गं. पण मी काय करत होते आत? कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, म्हणून पुरणपोळी हाणली का? दोन घोट पेज घेतली नि थांबले. यांचंही पारणंच आहे. एकदम नाही वाढायचं."

उरलेली काजळी त्यांनी मग थोड्या थोड्या हवेवर जाळली.

सकाळी नळी उघडली. आम्ही सगळेच पांढरेशुभ्र! सर खूश झाले. "बघा, उगाच घाबरवता."

पाहुण्या म्हणून आलेल्या प्रियदर्शिनी मॅडमनी चिमट्यात एक दाणा उचलला. "सुरेख. आठव्यांदा तयार ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ईश्वरीनं ताईंकडे पाहिलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "हा वरचा दाणा आहे. दिसतो पांढरा, पण आत पडझड झालीये. काल मी हवा एकदम सोडली."

"कोणी सांगितलं होतं?"

"हात माझाच होता."

मग सर चष्मा पुसत म्हणाले, "सांगितलं मी होतं."

मॅडमनी दाणा खाली ठेवला. "तळाचे दाणे वाचलेत? मग सोमवारी तेवढेच चालवून दाखवा. जमलं तर पुढे बघू, नाहीतर इथंच थांबवू."

सोमवारी नळीत आम्ही निम्मेच होतो. मिथेनॉलही निम्मंच सोडलं. मिथेनॉलपैकी किती टक्के वायू झाला, तो पहिला आकडा आला आणि ईश्वरीनं तो दोनदा वाचला. पहिल्या दिवशी जेवढा होता, तेवढाच.

"आता तरी जेव गं," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतर मी आणखी बारा वेळा काळा झालो आणि उजळलो. आता थकलो आहे. ईश्वरीच्या टेबलावर एका काचेच्या कुपीत असतो. शेजारच्या कुपीत मॅडमनी उचललेलं माझं ते वरचं भावंड आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाला ती विचारते, "यातला जिवंत कोणता?" बघून अजून कोणालाही सांगता आलेलं नाही.

म्हणून एवढंच मागतो. काळवंडलेल्याला लगेच पिंपात टाकू नका, पण उजळायला बसलात तर घाईही करू नका. थोडी हवा द्या, थांबा, मग पुन्हा थोडी. ईश्वरी आता तशीच उभी असते, हवेच्या चावीवर बोट ठेवून. घाईनं कोणी आत डोकावलं, तर न वळताच म्हणते, "पारणं चाललंय. बसा जरा."