पांगाऱ्याची बोई

मी एक लूर बोलतोय. लूर म्हणजे खोटा मासा. गळाला खरं आमिष लावण्याऐवजी मला दोरीला बांधतात, लांब फेकतात आणि मी जिवंत असल्याचं सोंग करत परत येतो. त्या सोंगाला जो भुलतो तो अडकतो. फसवणं हाच माझा धंदा, त्यामुळे आपल्याला कोणी फसवणार नाही अशा घमेंडीत मी होतो. पण गेल्या ऑक्टोबरात वसईच्या एका घरात जो धक्का मला बसला, तो अजून अंगातून गेलेला नाही. अंग म्हणावं असं फारसं उरलेलंही नाही, ते पुढे सांगतो.

माझा जन्म पांगाऱ्याच्या फांदीतून झाला. वाडीच्या कुंपणावरची ती फांदी हिलरींनी तोडली, तेव्हा मला वाटलं आता बंबात जाणार. हिलरी तीस वर्षं एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. निवृत्त झाले आणि त्यांना जिताड्याचं वेड लागलं. हा मासा खाडीच्या तोंडाशी खांबाच्या, दगडाच्या आडोशाला दबा धरून असतो आणि समोरून बोईसारखा लहान मासा गेला की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. विकत आणलेले प्लास्टिकचे लूर हिलरींनी राजोडीच्या खडकांना आणि तिवरांच्या मुळांना एकेक करून वाहून टाकले होते. शेवटी म्हणाले, आता आपणच करायचा.

त्यांनी मला बोईचा आकार दिला. अंगातून तार ओवली, पोटाखाली शिसं बसवलं, तोंडाखाली पत्र्याची जीभ लावली. ओढलं की त्या जिभेमुळे मी बुडी मारतो आणि सोडलं की वर येतो, कारण पांगारा काही केल्या बुडत नाही. रंगासाठी बायकोची चंदेरी नेलपॉलिश वापरली. व्हेरोनिकाबाई म्हणाल्या, "अरे, विचारून तरी घ्यायचं." न विचारता घेण्याची हिलरींची ही खोड तेव्हाच कोणीतरी मनावर घ्यायला हवी होती.

घरामागच्या बावखलात, म्हणजे वाडीच्या तळ्यात, मला पहिल्यांदा सोडलं आणि मी उताणा झालो. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. शिसं जरा मागे सरकवल्यावर कुठे सरळ पोहायला लागलो.

तुळिंजचा जितेश त्या दिवशी आला होता. नोकरी बँकेत, पण जीव सगळा रॉड आणि रिळांत. त्याने मला हातात घेऊन हलवलं.

"अंकल, शेप एकदम भारी. पण आवाज नाही. आपल्या खाडीचं पाणी गढूळ, माशाला दिसणार काय? आत खुळखुळा पाहिजे. आवाज ऐकूनच येतो तो."

हिलरी घरात गेले. भिंतीवरच्या येशू-मरियेच्या तसबिरींखाली एक खण आहे. त्यात गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि डब्यात गडद निळे काचेचे मणी. कुठल्या तरी जुन्या फ्रॉकचे असतील असं समजून त्यांनी पाच उचलले, माझ्या पोटात भोक पाडून आत टाकले आणि वरून चिकटवून बंद केलं. पोटात काहीतरी खुळखुळलं आणि आपण आता कोणीतरी झालो असं मला वाटलं. हे मी कबूल करतो, कारण पुढे त्याच आवाजाने माझी झोप उडवली.

शेवटी माझ्या पोटाला आणि शेपटीला तीन टोकांचे गळ लागले. दुसऱ्याच दिवशी त्यातला एक हिलरींच्या अंगठ्यात घुसला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, तो आत गेलेला गळ मागे येऊ देत नाही. दवाखान्यात जाऊन काढावा लागला. व्हेरोनिकाबाईंनी पक्कड आणून समोर ठेवली. "ते उलटे काटे दाबून टाक. नाहीतर हे घरात नको." हिलरींनी मुकाट्याने सगळे काटे चेपले.

जितेशला हे कळलं तेव्हा त्याने गळाचं टोक निरखून पाहिलं. "बिनकाट्याचा गळ? अंकल, मग दोरी सेकंदभर जरी ढिली सोडली ना, मासा झटका देऊन लूर थुंकून टाकेल."

"मग नाही सोडणार ढिली," हिलरी म्हणाले.

मला ओटीवरच्या खिळ्याला टांगलं जायचं. खाली आरामखुर्चीत हिलरींच्या आई, लूर्डसआजी. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही, पण कान असे की गेट उघडल्याच्या आवाजावरून माणूस ओळखतात. वारा आला की मी खुळखुळायचो आणि त्या मान वळवायच्या. मला वाटायचं, आवडला माझा आवाज.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मरियेच्या जपमाळेचा महिना. रोज सात वाजता प्रार्थना. पण आजींची स्वतःची माळ तुटली होती, तार आणि क्रूस सोनाराकडे सांधायला दिले होते. मण्यांचा सोनारावर भरवसा नको म्हणून व्हेरोनिकाबाईंनी ते घरीच ठेवले होते आणि मग स्वतः नेऊन ओवून घेतले. एका दुपारी, हिलरी वाडीत असताना, त्या माळ घेऊन आल्या. आजींनी ती बोटांतून सरकवली आणि त्यांचा हात थांबला.

"व्हेरोनिका, शेवटच्या दहा मण्यांत पाचच आहेत गो."

व्हेरोनिकाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "आई, दोनदा जाऊन आले सोनाराकडे. तो म्हणतो, दिले तेवढे ओवले. माझ्याच हातून कुठेतरी पडले. हिलरी म्हणाला होता सगळंच सोनाराकडे दे म्हणून, मीच शहाणपणा केला. त्याला सांगू नका."

"नाही सांगत. राहिलेल्या पाच मण्यांचे नमो मरिये मी बोटांच्या पेरांवर म्हणेन. पण माझ्या आईने लग्नात दिलेली ती माळ. गडद निळी काच. मेल्यावर पेटीत मला ती हातात घेऊन झोपायचंय. अपुरी घेऊन कशी जाऊ?"

गडद निळी काच. पाच मणी. मी खिळ्यावर थिजलो. आशीर्वादित मणी, या बाईने हजारो वेळा बोटांतून फिरवलेले, आणि ते माझ्या पोटात. मासे फसवायला. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्याकडे तोंड म्हणून जे आहे ती पत्र्याची पट्टी. तेवढ्यात वारा आला आणि मी खुळखुळलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी मान वळवली आणि या वेळी ती बराच वेळ तशीच ठेवली.

पुढचे चार दिवस मी एकच धावा करत होतो, मला खाडीवर नेऊ नका. शनिवारी हिलरींनी मला खिळ्यावरून काढलं.

पाचूबंदरच्या जेट्टीवर जेम्स जाळं शिवत बसला होता. मला बघून हसला. "लाकूड कोन मासा खातो रे, हिलरी?" मग पाण्याकडे बघून म्हणाला, "पर पानी उतराया लागलंय. असला तर आता असेल तो."

जितेशने दोरीच्या टोकाला जाड पारदर्शक दोरीचा हातभर तुकडा बांधून दिला, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, बारीक दोरी कापून काढते. हिलरींनी मला जेट्टीच्या खांबांजवळ फेकलं. दोन छोटे झटके, मग थांबायचं. पुन्हा दोन झटके, पुन्हा थांबायचं. हिलरी ही कला फार उशिरा शिकले, आधी ते नुसते ओढत सुटायचे. जिताडा घास घेतो तो लूर थांबल्यावर.

तिसऱ्या थांब्याला अंधार झाला. आवाज ऐकून तो आलाच होता. जबडा माझ्यावर मिटला, पोटात कुठेतरी कच्च झालं आणि रीळ किंचाळायला लागली.

"अंकल, दहा किलोच्या वर आहे," जितेश ओरडला. "खांबाकडे चाललाय, दाबून धरा." खांबांना धारदार कालवं चिकटलेली असतात, दोरी नुसती घासली तरी तुटते. हिलरी गुडघे वाकवून मागे रेलले. तीन वर्षं ते या एका माशासाठी उन्हात उभे राहिले होते.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. जितेशने तो काढला आणि स्पीकरवर लावला.

"हिलरी, खणातल्या डब्यातले निळे मणी तू घेतलेस का?"

"पाच घेतले. लूरमध्ये घातलेत. आता ठेव, मासा लागलाय."

"अरे, ते आईंच्या रोझरीचे होते. आई म्हणतात, खिळ्यावर जे वाजायचं त्याचा आवाज माझ्या मण्यांचा होता. कुठाय ते लाकूड?"

हे बोलणं मला तेव्हा ऐकू आलं नाही, मी माशाच्या तोंडात होतो. जितेशने नंतर घरी सगळं सांगितलं ते ऐकलं. मला एवढंच कळलं की दोरी खांबाला खरखर घासतेय. दाबून धरलं तर ती तुटणार होती, आणि मग मी, मणी आणि आजींची पेटीतली माळ, सगळंच जिताड्याबरोबर जाणार होतं.

आणि हिलरींनी रीळ मोकळी सोडली. दोरी पार ढिली पडली. गळवाल्याने आयुष्यात कधी करू नये ते हिलरी जाणूनबुजून करत होते. ओढ संपली तसा जिताडा वर आला, पाण्याबाहेर अर्धं अंग काढून त्याने डोकं असं झटकलं की माझे चेपलेले गळ सुटले आणि मी हवेत फेकला गेलो. पांगारा बुडत नाही. मी पाण्यावर तरंगत राहिलो आणि हिलरींनी मला हळूहळू ओढून घेतलं.

"येवढा मासा सोडलास?" जेम्सने विचारलं. हिलरींनी मला खिशात घातलं आणि ते घराकडे निघाले.

घरी कोणी कोणावर ओरडलं नाही. हिलरींनी करवतीने माझं पोट उघडलं. दुखलं, पण मीच ते चार दिवस मागत होतो. पाटावर चार मणी गडगडत आले. पाचवा आलाच नाही, त्याचा चुरा पडला. तो कच्चकन झालेला आवाज त्याचाच होता. व्हेरोनिकाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

"आई, चुकलो," हिलरी म्हणाले. "तसलाच दुसरा कुठून तरी आणतो."

"बाजारातला नको. ज्याच्या पोटात होते त्याचाच एक करून दे."

मला आणखी काय काय ऐकायचं बाकी होतं देव जाणे. हिलरी रात्रभर नाही, पण जेवणापर्यंत बसले होते. माझ्या पोटाच्या भिंतीतून त्यांनी वाटाण्याएवढा एक मणी घडवला, घासला, ओवला. गळ डब्यात गेले, पत्र्याची जीभ जितेशने आठवण म्हणून नेली. मी या मण्यात आलो. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर फादरनी आशीर्वाद दिला तेव्हा मी इतका गांगरलो की पाणी शिंपडलं जाताना सवयीने बुडी मारायला बघत होतो.

त्या संध्याकाळी आजींच्या बोटांत मी पहिल्यांदा आलो. त्यांनी मला नाकाशी नेलं.

"मासळीचा वास येतो ह्याला."

"बदलू का, आई?"

"राहू दे. येशूचा पेत्रही मासेच धरायचा."

आता मी शेवटच्या दहातला शेवटचा मणी आहे. नऊ थंड काचेच्या मण्यांनंतर आजींचा अंगठा माझ्यावर येतो आणि जरासा थांबतो. थांबल्यावर काय होतं ते मला खाडीवर शिकवलं होतं, म्हणून अजूनही रोज क्षणभर छाती धडधडते. होत काहीच नाही. एक नमो मरिये होतं, हळू आवाजात.

एक दिवस ही माळ त्यांच्या हातांना गुंडाळतील आणि पेटीचं झाकण लागेल. पाण्यासाठी घडवलेला मी मातीत जाणार. याचा धक्का मात्र मला बसत नाही. तुम्हाला एवढंच सांगून निरोप घेतो, की घरातला कुठलाही डबा उघडलात तर त्यातलं उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. सात वाजायला आले. आजींनी हात पुढे केलाय.