उपासनेची ठवणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी ठवणी आहे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्यावर उघडून ठेवतात, एवढंच माझं काम. नगरच्या एका सुताराने मला एकाच सागवानी फळीतून कापलं. त्यामुळे मी उघडते, मिटते, पण माझे दोन भाग कधी सुटे होत नाहीत. पूर्वी याचा मला फार तोरा होता.

मनोरमाबाईंनी मला साड्यांत गुंडाळून जर्मनीत, गेर्लिंगेनला आपल्या मुलाकडे आणलं. मुलगा प्रताप इंजिनिअर, सून नीलिमा आणि नात अन्वी. घराण्याचा नेम असा, की संध्याकाळचं जेवण झालं की ताटं उचलायची आणि उपासनेला बसायचं. शास्त्र क्रमाने वाचायचं, आवडेल तेवढंच निवडायचं नाही. एकेकाने एकेक वचन: प्रताप, नीलिमा, अन्वी, शेवटी मनोरमाबाई. अन्वीला मराठी वाचता येत नसे. आजी तुकड्यातुकड्याने सांगायची आणि ती मागोमाग म्हणायची.

"अगं, 'र' नीट म्हण. गुळण्या केल्यासारखा नको," असं आजी म्हणाली की सगळे हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचे.

एका संध्याकाळी नीलिमाचं वचन संपलं. अन्वीला सांगण्यासाठी मनोरमाबाई पुढे वाकल्या आणि त्यांचा हात माझ्यावरून घसरला. अँब्युलन्स आली. त्या परत आल्या नाहीत.

प्रतापने शास्त्र मिटून कपाटात ठेवलं आणि मला इमारतीच्या तळघरात, केलरमध्ये, गाडीच्या टायरांवर ठेवलं. तो रडला नाही. नीलिमा एकदा जिन्यात म्हणाली, "अहो, निदान रविवारी तरी बसू या ना."

"बघू," तो म्हणाला. बघितलं मात्र नाही.

खरं सांगते, मलाही काही वाटत नव्हतं. धूळ बसली, बसू दिली. थंडी आली, गेली. लाकडाचं लाकूड झाले होते मी.

वसंतात गाडीचे हिवाळी टायर बदलायला प्रताप खाली आला. अन्वी सोबत होती. तिने मला पाहिलं.

"पप्पा, इश वार ड्रान," ती म्हणाली. "माझा नंबर होता. आईचं झालं होतं. मग आजी पडली. माझं राहिलंय."

प्रताप टायरवर बसला. मग शर्टाच्या बाहीने त्याने मला पुसलं.

त्या संध्याकाळी खूण घातलेलं पान माझ्यावर उघडलं. प्रताप तुकड्यातुकड्याने सांगू लागला, अन्वी म्हणू लागली. तिचा 'र' घशातच अडकला. कुणी हसलं नाही.

मग मनोरमाबाईंचा नंबर आला. सवयीने सगळे थांबले. कुणीच वाचेना. प्रतापने तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी रडूच बाहेर आलं, इतके महिने अडलेलं. थेंब माझ्यावर पडले आणि मला ते जाणवले. नीलिमाने पुढे होऊन सासूबाईंचं वचन वाचलं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, मखमलही नको. एवढंच मागते: घरातलं माणूस गेलं, तर त्याच्या जागेपाशी थोडं थांबा, हवं तेवढं रडा, पण वाचन तिथेच सोडून देऊ नका. पुढचा कुणीतरी आपल्या नंबरची वाट बघत बसलेला असतो.